नेर्लवाडीत कुणी विचारत नाही

११ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! सकाळच्या गाडीने बेळगावहून निघाले आणि गुंजीला उतरले, तेव्हा फलाटावर उतरणारी मी एकटीच होते. जयाबाई घ्यायला आल्या होत्या. त्या इथल्या आशा कार्यकर्त्या. पन्नाशीच्या आसपास, उंच, हाडापेराने मजबूत. मला बघून हसल्या आणि हातातली जड बॅग न विचारता काढून घेतली. तिथून टमटमने नेर्लवाडी. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, मध्येच दाट रान. टमटमवाला प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होता, कारण गवे आडवे येतात म्हणे.

उपकेंद्र मला फार आवडलं. नवा रंग, कानडी बोर्ड, पुढे तपासणीची खोली, मागे माझी राहायची खोली आणि ओटा, परसात फणस. टिळकवाडीतल्या आमच्या घरात एवढा उजेड कधी बघितला नाही. आता हे माझं. आरोग्य अधिकारी, शाल्मली. हातात नोकरी, डोक्यावर पंखा, खिडकीत फणस. अजून काय पाहिजे?

आईचा फोन आला. तिने दिलेल्या खव्याच्या कुंद्याचा अर्धा डबा टमटममध्येच संपला, हे तिला सांगितलं नाही.

प्रशिक्षणात मला सगळ्यात आवडलेला भाग मनाच्या आजारांचा. नैराश्य ओळखायला सुरुवातीला दोन प्रश्न पुरतात, असं आमच्या मॅडम सांगायच्या, आणि पुढचं काम कानांचं. इथे ते करायचंच, असं ठरवून आले आहे.


१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिला आठवडा मजेत गेला. सुगी चालू असल्यामुळे पेशंट दुपार कलल्यावर येतात, पायाला चिखल आणि केसात भाताचं कुसळ घेऊन. बीपी, साखर, गरोदर बायका, लसीकरण. कुणी काकडी आणतं, कुणी नवे तांदूळ. जयाबाईंशी माझं चांगलं जमलंय. मी त्यांना जयाआक्का म्हणते. त्यांचा मुलगा महादेव बेळगावला फौंड्रीत कामाला आहे, आठवड्याने येतो. सून आरोही, सातव्या महिन्यात. परवा तपासायला आली होती. गोड मुलगी आहे, बोलून बोलून दमवते.

एक गंमत लक्षात आली. या गावात कुणी कुणाला ‘कसं काय, बरं आहे का?’ असं विचारत नाही. ‘आलासा?’ म्हणतात, ‘जेवलासा?’ म्हणतात, ‘कुठं चाललासा?’ म्हणतात. त्याच्या पुढे जात नाहीत. काल भरमू नावाचे म्हातारे बीपी तपासायला आले. मी आपली सवयीने म्हटलं, कसे आहात आजोबा? ते हाताला पट्टा असतानाच उठून उभे राहिले आणि दाराकडे निघाले. नळी ताणली गेली, यंत्र पडता पडता वाचलं.

जयाआक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हितं तसं इचारत न्हाईत, सिस्टर. काय दुखतंय, तेवढं इचारा.”

मला हसू आलं. गावागावाच्या रीती!


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रुक्माबाई आल्या. विधवा, चाळिशीच्या, पण साठीच्या दिसतात. अंग दुखतं, डोकं जड, अंगात ताकद नाही. आधीच्या सिस्टरांच्या काळापासून हीच तक्रार, आणि हेच ताकदीचं इंजेक्शन. मी सगळं तपासलं. रक्त ठीक, साखर ठीक. केस विंचरलेले नव्हते. मी बोलत असताना नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीवर.

मी इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि विचारलं, रुक्माबाई, मन उदास असतं का? पूर्वी आवडायचं, त्यात आता गोडी वाटत नाही, असं होतं का?

जयाआक्का औषधं लावत होत्या. त्यांनी हातातली बाटली तशीच टेबलावर ठेवली आणि अंगणात निघून गेल्या. दार ओढून घेतलं.

रुक्माबाईंनी बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, मागं बसती. कोण, विचारलं तर मान हलवली. बघितली नाही म्हणे कधी, कारण ती कायम पाठीशीच असते. बोलत नाही. जेवायला बसलं की चव काढून घेते. आडवं झालं की झोप काढून घेते. “आन आता माणसं नेतीया, बाई. माजा ल्योक समोर आला तर फोटुतल्यावानी दिसतोय. माझा हाय म्हणून कळतंय, पर वाटत न्हाय.”

इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. मी मध्ये बोलले नाही, ऐकत राहिले. त्या रडल्या, मग शांत झाल्या. पुढच्या मंगळवारी त्यांना खानापूरच्या तालुका दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं.

जाताना त्यांनी दारात थांबून पाठ ताठ केली, माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने नजर वळवली. लाज वाटली असेल.


३ डिसेंबर, मंगळवार

रुक्माबाई खानापूरला आल्याच नाहीत. रागाने त्यांच्या शेतावर गेले, तर बाई भात झोडत होत्या! पोराला हाका मारत होत्या, हसत होत्या. औषधाची एक गोळी पोटात गेलेली नाही. फक्त बोलल्या, एवढंच. महिन्याच्या मीटिंगमध्ये आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर उपेंद्र सरांना सांगितलं, ते खूश झाले. सगळ्या सिस्टरांसमोर माझं नाव घेतलं.

इकडे मी जरा थकले आहे. आईने पाठवलेला नवा कुंदा उघडला, पण बिघडलाय बहुतेक. खडू खाल्ल्यासारखा लागला. जयाआक्कांनी चाखून बघितला आणि चांगला आहे म्हणाल्या. मग डब्याचं झाकण लावलं, आणि आज लवकर घरी गेल्या.


१३ डिसेंबर, शुक्रवार

रुक्माबाईंचं बघून आणखी बायका येऊ लागल्या आहेत. अक्काताई आली, तिच्या मागून तिची जाऊ. येतात, स्टुलावर बसतात आणि वाट बघतात. गोळी मागत नाहीत. मी विचारते, मग सुरू होतात. सगळ्यांचं एकच, मागं बसती. सगळ्या बऱ्या होऊन जातात.

मला झोप येत नाही. आल्यासारखी वाटते तेवढ्यात खाटेचा पायथा दबतो, कुणीतरी टेकल्यासारखा. उठून बघितलं तर काही नसतं. दिवसासुद्धा वही लिहायला बसले की मानेजवळ जडपणा येतो. बायकांची वर्णनं ऐकून ऐकून मनावर परिणाम झाला असणार. प्रशिक्षणात सांगितलं होतं, ऐकणाऱ्यालाही ओझं होतं.

आज अक्काताई परत आली होती, बरोबर तिची मुलगी. चार-पाच वर्षांची. मी बाकावर एकटीच बसले होते. ती माझ्याशेजारी बसायला आली, थांबली आणि कोपऱ्यात सरकून बसली. आईने बोलावलं, तर म्हणाली, तिथं जागा न्हाय.


२० डिसेंबर, शुक्रवार

आज जयाआक्कांना धरून विचारलं. त्या आधी टाळत होत्या. मग परसात फणसाखाली उकिडव्या बसल्या आणि मातीकडे बघत सांगितलं.

हे इथे पहिल्यापासून आहे. कुणाला कधी बसेल, सांगता येत नाही. पोर गेलं, नवरा गेला, की बसते. काही नसतानाही बसते. देवऋषी झाला, अंगारा झाला, उठत नाही. एकाच रीतीने उठते. कुणीतरी विचारावं लागतं आणि जिच्या मागे बसलीय, तिने खरं सांगावं लागतं. खरं सांगितलं की तिथून उठते आणि ऐकणारीकडे जाते.

“म्हणून इचारत न्हाईत, सिस्टर. आन चुकून कुणी इचारलं, तर बरं हाय म्हणायचं. मरस्तवर बरं हाय म्हणायचं. आमच्यात प्रत्येक घरात एक फोटू हाय, बरं हाय म्हणून गेलेल्याचा.”

मग या बायकांना माझ्याकडे कुणी पाठवलं, असं विचारलं. त्या रडायला लागल्या. आधीच्या सिस्टर विनोदिनी शहाण्या होत्या, म्हणाल्या. वर्षानुवर्षे नुसतं इंजेक्शन दिलं. शेवटी एकीचं बघवलं नाही, तेव्हा विचारलं. मग निपाणीला घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

मी शिकलेली मुलगी आहे. हा आजार आहे, त्याला औषध आहे. एवढंच लिहिते.

तरीही रविवारी निपाणीला जाणार आहे.


२२ डिसेंबर, रविवार

विनोदिनी सिस्टरांचं घर निपाणीत तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत आहे. मला वाटलं होतं, अंथरुणाला खिळलेली बाई बघायला मिळेल. त्यांनीच दार उघडलं. नीटनेटकी साडी, खणखणीत आवाज. चहा केला. मला तेव्हा कुठे हायसं वाटलं.

मी नेर्लवाडीचं नाव काढल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, मी बरी आहे हे दिसतंय ना तुला? मग त्यांनी आतल्या खोलीचा पडदा सारला. भिंतीवर फोटो होता, हार अजून ताजा. त्यांची धाकटी बहीण. घरी आल्यावर सिस्टर महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बहीण रोज उशाशी बसायची. एक दिवस तिने केसांतून हात फिरवत विचारलं, ताई, काय होतंय गं तुला, मला तरी सांग. आणि यांनी सांगितलं.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “जयाबाईंनी मला सांगितलं होतं. तरी सांगितलं. तिने विचारलं, त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की थांबवता आलं नाही.”

बहिणीला विचारायला नंतर कुणी नव्हतं. सिस्टरांचं धाडस झालं नाही.

निघताना मी दारात उभी राहिले. मला वाटत होतं, त्या विचारतील. त्या माझ्याकडे बघत होत्या, त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी दार लावून घेतलं.


६ जानेवारी, सोमवार

ठरवलं आहे. आता कुणाला विचारायचं नाही. काय दुखतं, तेवढंच. उदास दिसली की थेट खानापूरला चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन दोघी जाऊन आल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तर ‘बरं हाय’ म्हणून परत आल्या.

घरी जाऊन आले नाही. आईला सांगितलं, काम फार आहे. खरं म्हणजे तिचा फोन आला की आवाज ओळखू येतो, पण त्याच्या आत आई सापडत नाही.

आरोहीची प्रसूती झाली. मुलगा. दिवस भरायच्या आधी झाला, पण धडधाकट आहे. चांगली बातमी, म्हणून लिहिली.


२५ जानेवारी, शनिवार

आज भरदुपारी जयाआक्का आरोहीला हाताला धरून घेऊन आल्या. बाळ आक्कांच्या कुशीत. आरोही स्टुलावर बसली, बसवल्यासारखी. दूध साठून पदर भिजला होता, तिला पत्ता नव्हता. बाळ रडत होतं, तिने मान वळवली नाही. तीच मुलगी, बोलून बोलून दमवणारी.

बाळंतपणानंतरचं नैराश्य. ओळखायला काहीच अवघड नाही. मी महादेवला फोन लावला, लगेच खानापूरला नेऊ या म्हटलं. जयाआक्का मध्येच बोलल्या. आठवड्यापूर्वीच नेलं होतं, डॉक्टरांना ती बरी आहे म्हणाली, त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. काल तर बाळाला दुपट्यात गुंडाळून शेजारणीच्या ओट्यावर ठेवून आली, आणि ‘मी नसले तर ह्येचं बरं हुईल’ म्हणाली.

मग जयाआक्का माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि माझे पाय धरले.

“माझ्यानं हुईना, सिस्टर. मी भित्री हाय. तुम्ही इचारा. तुम्हाला काय, तुमच्याकडं आदीच हाईत.”

मी फार वेळ आरोहीकडे बघत राहिले. तिच्या मागे भिंत होती, बाकी काही नव्हतं. माझ्या मागे किती आहेत, ते मला माहीत आहे. आणखी एकीने काय होणार, असं वाटलं. बाळ रडून रडून थकलं होतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, आरोही, कशी आहेस गं?


२ फेब्रुवारी, रविवार

आरोही बरी झाली. बाळ अंगावर पितं. खिडकीतून दिसते, मुलाला उन्हात घेऊन फिरताना.

जयाआक्का कामावर येत नाहीत. औषधांची खोकी रस्त्यात ठेवून जातात.

आणखी एकीने काहीच होणार नाही, असं वाटलं होतं. चूक होती. खोलीत हलायला जागा नाही. ओट्याशी, दाराशी, खाटेवर. मी भिंतीला टेकून झोपते, पाठीशी कुणाला बसता येऊ नये म्हणून. भिंतीकडून गार लागतं. श्वासासारखं.


७ फेब्रुवारी

मीटिंगला गेले. उपेंद्र सर म्हणाले, वाळलीस, तब्येत ठीक आहे ना? त्यांच्या टेबलावर दोन लहान मुलींचा फोटो असतो. मी म्हटलं, बरी आहे सर. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

माझी लक्षणं मला कळतात. एकूण एक. पेशंट असते तर आजच दाखल केलं असतं.


१२ फेब्रुवारी

मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. एक मुलगी बोलली, आधी कानडीत, मग मराठीत. आवाज कोवळा. माझ्यापेक्षा लहान असेल. इतकी मायेने म्हणाली, बोला ना ताई, काय वाटतंय तुम्हाला —

चुकून लागला म्हणाले. ठेवला.


कधीतरी, फेब्रुवारी

दवाखाना उघडला नाही. कुणी येत नाही. रस्त्याने जाणारे पलीकडच्या कडेने जातात.

आज रुक्माबाई भाकरी ठेवून गेल्या. उंबऱ्यापासून लांब. बघितलं नाही वर.

रागही येत नाही त्यांचा. राग यायलासुद्धा काहीतरी —


संध्याकाळ

आई येते म्हणाली होती. नको म्हटलं. ती विचारणार. ती विचारल्याशिवाय राहणारच नाही. काहीतरी कारण सांगितलं, कोणतं ते आठवत नाही. आता तीही फोटोतल्यासारखी —

हलतात त्या, मागे बसलेल्या. आता लपवतही नाहीत.


सकाळ

आरोही आली आहे. दाराबाहेर. कडी लावली मी. बाळाचा आवाज येतोय. जेवण आणलंय म्हणते, उघडा. मी गप्प.

जा म्हणायचंय. आवाज फुटत नाही —

मागून जयाआक्का धावत आल्या वाटतं. ओरडतायत. आरोही, इचारू नगंस, पोराची आण हाय तुला. ओढतायत तिला. आरोही रडतेय, म्हणते, मला इचारलं न्हवं त्येनी, मग मी न्हाय इचारायचं व्हय —

गावात ही एकच शिकली विचारायला. माझ्याकडून शिकली.

सगळ्या दाराकडे वळल्यात. पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ —

दाराला तोंड लावून बोलतेय ती. सिस्टर, कशा हायसा? खरं सांगा, कशा हायसा?

बरी आहे म्हणायचं. दोनच शब्द. इथे सगळे म्हणतात. बाळ आहे तिच्या कुशीत. बरी आहे, एवढंच — देवा, किती बरं वाटतंय तिने विचारलं ते — बरी आहे म्हण, शाल्मली, म्हण — तोंड उघडलं आणि